शंभरातला एक हिस्सा

युसुफचाचा दर वर्षी कंपनीचा वाढदिवस करायचे. कंपनीतल्या कुणाचा नव्हे, कंपनीचाच. ज्या तारखेला तिची नोंदणी झाली त्या तारखेला ते रुस्ताकहून मागवलेला हलवा घेऊन यायचे आणि मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या शेडमध्ये पत्रा कापण्याच्या मशीनपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या हातावर एकेक चमचा ठेवायचे. "आज आपली पोरगी अजून एका वर्षानं मोठी झाली," असं प्रत्येकाला सांगायचे. मशीनवरचे बांगलादेशी, वेल्डिंगचे केरळी, सगळे हसत हात पुढे करायचे. पहिल्या वर्षी मी हसलो नाही. कंपनी ही कागदावरची गोष्ट, तिला कसला आलाय वाढदिवस, असं मी बोलूनही दाखवलं. चाचा म्हणाले, "कागदावरचा नाय कोण? तुझा जल्माचा दाखला नसता तर तू हितं आला असतास?" याचा मला रागच आला.

मी चिपळूणचा, चाचा दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे. पोरवयात ते ओमानला आले, निझवाच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात वीस-बावीस वर्षं राहिले, आणि आमच्या मोठ्या अर्बाबांनी एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवायची शेड टाकली तेव्हापासून तिथेच. अर्बाब म्हणजे मालक. हा शब्द इथे आल्यावर पहिल्या दिवशी कळतो आणि मग जन्मभर जिभेवरून जात नाही. चाचांचं काम सरकारी कागदांचं. कामगारांची कार्डं, परवाने, नोंदण्या, नूतनीकरणं. मी ड्रॉइंगवर कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी माझे फोटो हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "कान दिसत नाय. दुसरे काढ." कान दिसतच होते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुला दिसतात. खिडकीला दिसनार नाय." दुसऱ्या दिवशी मी दुसरे फोटो दिले, मनातल्या मनात शिव्या घालत.

खिडकी हा चाचांचा शब्द. सगळी सरकारी कामं आता कॉम्प्युटरवर झाली होती, अर्ज मोबाइलवरून जात होते, पण चाचांच्या लेखी प्रत्येक कामाला कुठेतरी एक खिडकी होती आणि तिच्या मागे एक माणूस बसलेला होता. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत प्रत्येक कागदाच्या सात प्रती. सात कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "सहा मागतात म्हनून." एकाच गोष्टीसाठी ते तीनदा जाऊन तीन वेगळ्या माणसांना तोच प्रश्न विचारायचे. तिघांनी एकच उत्तर दिलं तरच ते खरं. त्यांच्याबरोबर एखाद्या कामाला गेलं की माझा जीव मेटाकुटीला यायचा. वेबसाइटवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या उत्तरासाठी हा माणूस अख्खी सकाळ घालवायचा, आणि परत येताना गाडीत शांत बसलेला असायचा.

पण एक गोष्ट मीच पाहिली, ती सांगायला हवी. आमच्या एका वेल्डरच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं. पंधरा वर्षं पत्रा हाताळून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. ठसे नाहीत म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून तो बेकायदा. मी म्हटलं, आता याला घरी पाठवावं लागणार. चाचांनी त्याला पाच दिवस शेडमध्ये येऊ दिलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेल चोळायला लावलं, भांडीसुद्धा घासू दिली नाहीत. सहाव्या दिवशी खिडकीवर नेलं. नाही उमटले. सातव्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर. तिथली बाई म्हणाली, नाही. मी चिडलो तेव्हा चाचांनी माझा दंड धरला. "आवाज चढवायचा नाय. ती नाय बोलली ना? बरं झालं. का नाय, ता विचार." त्यांनीच विचारलं. अंगठा नसेल तर करंगळी चालते, हे तेव्हा कळलं. करंगळी उमटली. तो वेल्डर अजून आमच्याकडे आहे.

चाचांना स्वतःसाठी मात्र एवढं सोपं नव्हतं. त्यांच्या कार्डावर धंदा लिहिलेला होता कारकुनाचा, आणि कारकुनाचं काम आता ओमानी माणसासाठी राखीव झालं होतं. पुढच्या नूतनीकरणाला त्यांचं कार्ड होणार नव्हतं. परत जावं तर गावात कोण? चाची जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी नसीमा मस्कतलाच दिलेली, ती इथल्या शाळेत शिकवायची. गावातलं दोन मजली नवं घर कुलूप लावून उभं. चाचांचा सगळा जीव नसीमाच्या मुलीत, झोयात. झोया शाळेत इंग्रजी बोलायची आणि आजोबांशी अडखळत मराठी. शाळा सुटली की चाचा तिला आणायला जायचे आणि घरापर्यंतच्या रस्त्यात एक शब्द शिकवायचे. एक दिवस फणस, एक दिवस पडाव म्हणजे होडी, एक दिवस उंबरठा. "ह्या पोरीला उंबरठा म्हायत नाय," असं मला अशा सुरात सांगितलं होतं की जणू पोरगी उपाशी आहे.

तेव्हा मोठे अर्बाब हयात होते. परक्यांनाही कंपनीत हिस्सा घेता येईल असा नवा कायदा आला होता. अर्बाबांनी एक दिवस चाचांना केबिनमध्ये बोलावलं, मीही ड्रॉइंग घेऊन आत होतो. ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "युसुफ, सौ में एक तेरा. आज से तू नौकर नहीं, शरीक." शंभरातला एक हिस्सा. त्यात पैशांचा फायदा असा काही नव्हता. पण भागीदार झाल्यावर चाचांचं कार्ड भागीदाराचं झालं, आणि त्या कार्डाला कारकुनीची अट लागत नव्हती. एवढ्यासाठीच त्या म्हाताऱ्याने ते केलं होतं. चाचांनी त्या आनंदात शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, त्यावर नावाखाली भागीदार असं छापलं, आणि मग लाजेने कुणालाच दिली नाहीत. एक झोयाने मागून घेतलं.

मोठे अर्बाब त्यानंतर दीड वर्षात गेले. कारभार मुलाकडे, सालिमकडे आला. सालिम शिकलेला, सभ्य, आवाज न चढवणारा. त्याच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे काही नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

झालं असं की सरहद्दीपलीकडे दुबईकडे एक मोठं काम निघालं. हॉटेलांची रांगच बांधायची होती आणि सगळ्यांचे डक्ट एकाच कंपनीला मिळणार होते. अट एवढीच की कंपनी तिकडे नोंदलेली हवी, आणि किमान पंधरा वर्षं जुनी हवी. आमची पोरगी वीस वर्षांची होती, पण नोंदलेली इकडे. तिकडे नवी कंपनी काढली तर ती आज जन्मलेली. म्हणजे कंपनी इथे बंद करून तिथे उघडणं उपयोगाचं नव्हतं. आहे ती कंपनी, तिच्या वयासकट, सरहद्द ओलांडून जायला हवी होती. सालिमने ते शोधून काढायचं काम माझ्याकडे दिलं, कारण ऑफिसात इंग्रजी सगळ्यात भराभर वाचणारा मी.

मला ते काम सोपं वाटलं. आखातातल्या या सहा देशांची बाजारपेठ एकच आहे, हे तर इथली पोरंही सांगतील. आमचा माल ट्रकमधून जातो, सरहद्दीवर जकात लागत नाही. सालिम नुसतं ओळखपत्र दाखवून पलीकडे जेवायला जातो. तिकडे जमीन घेऊ शकतो, दुकान काढू शकतो. मग कंपनीनेच काय घोडं मारलंय? मी तीन दिवस बसून करार, परिपत्रकं, त्यांची इंग्रजी भाषांतरं वाचली आणि मला हवं ते वाक्य सापडलं. जी कंपनी पूर्णपणे या सहा देशांच्या नागरिकांच्या मालकीची आहे, तिला प्रत्येक देशाने आपल्याच कंपनीसारखं वागवायचं. मी त्यावर पिवळी शाई ओढली. आपल्याच कंपनीसारखं! म्हणजे झालंच की. अडचण एकच होती, पूर्णपणे या शब्दाची. आमची कंपनी पूर्णपणे त्यांची नव्हती. शंभरात एक हिस्सा दापोलीचा होता.

हे मी सालिमला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पेन फिरवत बसला. "बाबाने दिया था," एवढंच म्हणाला. तो चाचांना विचारणार नाही हे मला कळलं, आणि शहाण्यासारखा मीच म्हणालो, "मैं बात करता हूँ." कुणी सांगितलं होतं मला? त्या कामासाठी तिकडे ड्रॉइंगचा एक प्रमुख लागणार होता आणि तो मी असणार होतो, हे इथे लिहून टाकलेलं बरं.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग दोन प्रश्न विचारले. "मी नाव काढलं की कंपनी जशीच्या तशी जाईल? वय धरून?"

"हो."

"खिडकीवर विचारलंस?"

"चाचा, छापलेलं आहे. हे बघा." मी पिवळी ओळ त्यांच्यासमोर धरली. त्यांना खिडकीपुरतं अरबी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यांनी तो कागद तरीही हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला.

"माझ्या कार्डाचं काय रे मग?"

"सालिम करेल काहीतरी. दुसऱ्या धंद्यावर व्हिसा काढू."

त्यांनी कागद मला परत दिला. मग म्हणाले, "पोरीची वरात निघताना बापाने दारात आडवं पडू नये. यल्ला, कुठं सही करायची ता दाखव." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहासुद्धा पाजला.

नाव निघालं. भागीदार नाही म्हणून भागीदाराचं कार्ड रद्द झालं. सालिमने खरंच प्रयत्न केला. स्टोअरकीपर म्हणून अर्ज टाकला, तो राखीव धंदा. ड्रायव्हर म्हणून टाकला, चाचांना गाडी येत नाही. सुतार, गवंडी, मदतनीस, सगळं झालं, वय पाहून कुठेच पुढे सरकेना. पहिल्यांदा चाचा स्वतःच्या कागदासाठी खिडक्या फिरले आणि तीन माणसांनी त्यांना तेच उत्तर दिलं. नसीमाने भेटीच्या व्हिसाबद्दल विचारलं, तो काही आठवड्यांचा. विमानतळावर झोया आजोबांच्या पिशवीचा पट्टा धरून उभी होती. नसीमा मला म्हणाली, "मंगेशदादा, कंपनीचं काम तरी होऊ दे आता." चाचा आत जाताना मागे वळून मला म्हणाले, "प्रती सात कर. सहा मागतात."

चाचांचं नाव निघून स्वच्छ झालेले कागद शेवटी हाती आले, आणि त्यानंतरच्या रविवारी ते घेऊन मी मंत्रालयात गेलो. खिडकीत एक तरुण ओमानी बाई होती, बोलायला अतिशय गोड. तिने कागद पाहिले आणि विचारलं, "शाखा काढायची आहे का?" मी म्हटलं, नाही, कंपनीच न्यायची आहे. तिने पुन्हा विचारलं, "मग इथली बंद करायची आहे का?" मी म्हटलं, नाही, बंद न करता न्यायची आहे, वयासकट. तिने स्क्रीनवर खालीवर शोधलं. असा अर्ज नाही, म्हणाली. मी पिवळी ओळ पुढे केली. तिने ती शांतपणे वाचली आणि समजावून सांगितलं की आपल्यासारखं वागवायचं म्हणजे तिकडे धंदा करू द्यायचा, शाखा काढू द्यायची. कंपनी ज्या देशात नोंदली गेली त्याच देशाची राहते. तिला उचलून दुसऱ्या देशाच्या नोंदणीत ठेवायचा रस्ता या कायद्यात नाही. मालक जाऊ शकतो, माल जाऊ शकतो, कंपनी जात नाही. मी आवाज चढवला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी दुसऱ्या खिडकीवर गेलो, तिसऱ्यावर गेलो. तिघांनीही एकच उत्तर दिलं.

दुबईच्या लोकांना आम्ही शाखेचं विचारलं. शाखा त्यांच्या अटीत बसत नव्हती. काम दुसऱ्या कुणाला गेलं. सालिम म्हणाला, "खलास, मंगेश. नसीब." त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ज्या वाक्यावर मी पिवळी शाई ओढली होती, त्याच्या पुढच्याच पानावर नोंदणीबद्दल स्वतंत्र कलम होतं. ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. मला हवं ते वाक्य सापडल्यावर मी पान उलटलंच नव्हतं. एका अख्ख्या माणसाला मी देशाबाहेर घालवलं होतं, आणि त्याच्या जाण्याची कुणालाही, कशासाठीही गरज नव्हती.

मग साधी गोष्ट अशी की तो हिस्सा परत चाचांच्या नावावर करायचा. कायदा त्याला आडवा येत नव्हता. मी सालिमला म्हणालो. तो म्हणाला, "इन्शाल्ला, देखते हैं." पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणालो. तेव्हा बँकेचं काहीतरी चाललं होतं, बँकेला मालकी एकाच घरातली हवी होती. "अभी पेपर साफ है मंगेश, अभी क्यों छेडना?" तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तो नुसता हसला आणि माझ्या मुलांची चौकशी केली. माझं कार्ड त्याच्याच सहीने होतं. चौथ्यांदा मी गेलो नाही.

चाचा दर शुक्रवारी फोन करायचे. "पोचली का पलीकडं?" मी म्हणायचो, चाललंय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. "खिडकीवर कोन हाय? बाई की बाप्या? सांभाळून बोल." मी म्हणायचो, हो चाचा. पाच महिने मी खोटं बोललो. फोनची रिंग वाजली की मला राग यायचा, आणि तो त्यांचाच. एकदा तरी चिडून विचारा की हो, किती दिवस लावतोस म्हणून!

सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांच्या गावी गेलो. घर मोठं, टाइल्स चकचकीत, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. चाचा खालच्या एका खोलीत राहत होते, बाकी खोल्यांची दारं ओढून घेतलेली. ते बारीक झाले होते. झोया आता फोनवर येत नाही, म्हणाले, तिला मराठी सुधरत नाही म्हणून लाजते. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. पिवळी ओळ, पुढचं पान, तीन खिडक्या, गेलेलं काम. काहीही राखून ठेवलं नाही, असं मला बोलताना वाटत होतं.

चाचा पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजे कंपनी तिथंच हाय?"

"तिथंच."

"मग मीच तेवढा आलो."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाले, "तुझ्याजवळ कागद होता रे, तुझं काय चुकलं." हे ऐकून मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं. माझं चुकलं होतं! त्यांनी मला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं, घराबाहेर काढायला हवं होतं. ते उठले, आत जाऊन स्वतः चहा केला, आणि कप माझ्यापुढे ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या हिश्श्याचं सालिमकडं काढतोस ना मधनं मधनं? तो परत झाला तर मना येता येल."

"दर आठवड्याला काढतो," मी म्हणालो.

"काढत रा. तो बापासारखाच हाय. देईल."

मस्कतला परतल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी सालिमच्या केबिनशी गेलो. दार उघडं होतं, तो एकटाच होता. त्याने वर पाहिलं. "यस, मंगेश?" माझ्या कार्डाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. हातात एक ड्रॉइंग होतं, ते मी त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, इथे सही हवी होती. त्याने सही केली.